मला नको असलेली अट

माझ्या मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मी तिच्या होणाऱ्या सासूसमोर एक अट ठेवली, आणि ती अट मला स्वतःलाच नको होती. तिने ‘नाही’ म्हणावं म्हणूनच मी ती ठेवली होती. तिने ‘बरं’ म्हटलं. झालं ते एवढंच. एवढ्याशा गोष्टीसाठी म्हातारीने कागद काळे का करावेत, असं कोणी विचारेल. पण त्या ‘बरं’मुळे एक बाई कितीतरी वर्षं भल्यामोठ्या घरात एकटी जेवली, ते मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिले. नात हल्ली मैत्रिणींना सांगते, ‘माझी आजी राजदूत होती.’ मैत्रिणी डोळे मोठे करून माझ्याकडे बघतात आणि मी घाईघाईने त्यांना चिवडा देते.

हा मूर्खपणा मला शिक्षणाने आला. जन्मतः मी इतकी मूर्ख नव्हते.

नवऱ्याची बँकेतली बदली कोलकात्याला झाली तेव्हा मी वकिलीची कोरी सनद घेऊन त्यांच्यामागून आले. एस्प्लनेडजवळच्या एका गल्लीत एका ज्येष्ठ वकिलांच्या कचेरीत खुर्ची मिळाली. खुर्ची म्हणजे अर्धीच. उरलेल्या अर्ध्यावर कागदांचे गठ्ठे बसत. कामं सगळी कस्टम्सची. बंदरात माल अडकायचा आणि त्यावर जकात कोणत्या दराने लावायची यावरून वाद व्हायचे. प्लास्टिकची बाहुली हे खेळणं की शोभेची वस्तू, यावर मी एकदा जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलले होते. न्यायाधीशांनी बाहुली उलटीसुलटी करून बघितली, मग माझ्याकडे तसंच बघितलं. खटला मी जिंकले. त्या दिवशी घरी आले ती अशी, की जणू आता देशाचा कारभार माझ्यावाचून अडणार.

गंमत म्हणजे तो खरंच थोडासा अडला. परदेशांशी व्यापाराच्या वाटाघाटी करणाऱ्या सरकारी चमूला जकातीचे कायदे कळणारा वकील हवा होता. कोणीतरी माझं नाव सुचवलं. ‘थोडे दिवस जाऊन येते,’ असं नवऱ्याला सांगून मी दिल्लीला गेले आणि मग पुढची सगळी नोकरी तिथून विमानं पकडण्यात गेली. त्यांनी मात्र कोलकातं सोडलं नाही. बढती घेतली की बदली येणार, म्हणून ते बढतीच नाकारत राहिले. मुलगी शाळेत रुळली होती आणि तिला कोणीतरी वेणी घालायला हवं होतं. वेणी त्यांनीच घातली. अजूनही घट्ट, न सुटणारी वेणी म्हटली की ती बाबांचीच. मी सुट्टीत येऊन घालायचे ती दुपारपर्यंत सुटायची.

आमच्या चमूचे प्रमुख उत्तरेकडचे होते. पहिल्याच बैठकीआधी त्यांनी मला विचारलं, ‘वकीलसाहिबा, बकरा तयार आहे?’ मला वाटलं, रात्रीच्या जेवणाबद्दल बोलताहेत. मी म्हटलं, मी शाकाहारी आहे. सगळे इतके हसले की एकाचा चष्मा पडला.

बकरा म्हणजे कापायलाच न्यायची मागणी. आपल्याला हवं असतं एक, पण मागायच्या दोन गोष्टी. दुसरी अशी मोठी, की समोरचा हादरलाच पाहिजे. तो दोन दिवस ‘नाही, नाही’ म्हणणार. मग आपण जड चेहऱ्याने, घरच्यांचा रोष पत्करून, ती सोडून द्यायची. समोरचा ओशाळतो. ओशाळला की पहिली गोष्ट हळूच पदरात टाकतो. आम्ही एकदा एका देशाकडे आपल्या लोणच्यावरची सगळी जकात काढून टाका म्हणून मागितलं होतं. लोणच्याशी कोणालाच कर्तव्य नव्हतं, आम्हाला तागाच्या पोत्यांना सवलत हवी होती. शेवटच्या दिवशी लोणचं सोडताना जो उदास चेहरा करायचा होता तो चमूत सगळ्यात चांगला माझा व्हायचा. प्रमुख म्हणायचे, ‘या बाईंना बघून मलाच लोणच्याचं वाईट वाटायला लागतं.’

त्यांनी एक नियमही सांगून ठेवला होता. बकरा असा निवडायचा, की समोरच्याने तो खरंच ठेवून घेतला तरी आपल्याला रडू येता कामा नये. मी तो मान डोलावून ऐकला होता. हुशार माणसं मान डोलावतात तेव्हा पुष्कळदा ऐकत नसतात.

पुढे मला एका लहानशा देशात राजदूत म्हणून पाठवलं. मोठा बंगला, हिरवळ, आणि गाडीवर झेंडा. लोक मला ‘महामहिम’ म्हणू लागले. पहिल्या आठवड्यात मी मागे वळून कोणाला म्हणताहेत ते बघायचे, दुसऱ्या आठवड्यापासून वळायचं बंद केलं. गाडीत आपण नसलो की झेंडा गुंडाळून ठेवतात. डोक्यातला गुंडाळायची काही सोय नसते.

अशा अवस्थेत मुलीचा फोन आला. ऑफिसातला एक मुलगा, कोलकात्याजवळच्या बराकपूरचा, बंगाली. वडील नाहीत, आई एकटी, शाळेत भूगोल शिकवायची. मुलीचं मराठी कोलकात्याचं आहे. शब्द आपले, पण वळण इथलं. ती म्हणाली, ‘आई, सगळं ठीकच आहे. तू फक्त ये आणि हस.’

मी आले. पण नुसतं हसायला महामहिम कशाला लागते?

मला हवं होतं ते सांगते, म्हणजे माझी अक्कल कळेल. मला लग्न आपल्या पद्धतीने हवं होतं. अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, आणि तेही दिवसा, कारण पुण्याहून माझे भाऊबंद येणार होते आणि ‘एवढी मोठी अधिकारी, पण मुलीचं लग्न बघा कसं लावलं’ असं त्यांनी म्हटलेलं मला चाललं नसतं. बंगाली लग्नं संध्याकाळनंतर लागतात. मुलाकडचे सहजी ऐकणार नाहीत, असं मी विमानातच ठरवून टाकलं. मग बकरा शोधला. ‘मुलगा-मुलगी बराकपूरला राहणार नाहीत, लग्नानंतर लगेच वेगळं बिऱ्हाड करतील.’ एकट्या विधवा आईकडे याहून मोठं काय मागणार? ती नाही म्हणणार, मी सुस्कारा टाकून सोडणार, आणि अंतरपाट माझ्या पदरात.

हे मी कोणालाच सांगितलं नाही. वकिली करत होते तेव्हा अशिलाला विचारल्याशिवाय कोर्टात खोकलेसुद्धा नव्हते. आणि इथे अशील, म्हणजे मुलगी, आत स्वयंपाकघरात साबुदाण्याचे वडे तळत होती.

बैठक आमच्याच फ्लॅटवर होती. जेवणाच्या टेबलाच्या एका अंगाला मी आपल्या खुर्च्या मांडल्या, दुसऱ्या अंगाला त्यांच्या, मध्ये पाण्याचे पेले रांगेत.

नवरा म्हणाला, ‘अगं, असं समोरासमोर काय बसवतेस? भांडायला बोलावलंय का?’

‘बोलणी आहेत. बोलणी अशीच होतात.’

‘आपली झाली तेव्हा तुझे बाबा आणि माझे बाबा एका सतरंजीवर पत्ते खेळत होते.’

‘म्हणूनच आपल्या लग्नात जिलबी कमी पडली,’ मी म्हटलं, आणि पेले आणखी सरळ केले.

बेल वाजली. मुलाची आई आत आली ती दोन्ही हातांत मिठाईची मडकी सांभाळत. मागे तिचा मुलगा आणि तिचे एक थोरले भाऊ. बारीक चणीची, तागासारखे पांढरे केस, आणि बसताना खुर्ची पुढे न ओढता स्वतःच टेबलाजवळ सरकली. मला ‘बेयान’ म्हणाली. बंगालीत विहिणीला बेयान म्हणतात. अजून काही ठरलंही नव्हतं आणि ही मला विहीण म्हणून मोकळी झाली! मी मनात नोंद केली, घाईत आहेत. आमच्या धंद्यात घाईतला पक्ष कमजोर समजतात.

चहा झाला. तिने वड्याची चौकशी केली, शेंगदाणे कुटून घालता की अख्खे, असं विचारलं. नवरा उत्साहाने सांगू लागला. मी घसा खाकरला.

‘मुलीची नोकरी, जाण्यायेण्याचा वेळ आणि दोघांचं वय यांचा विचार करता,’ मी म्हटलं, आणि हे मी खरोखर असंच म्हटलं, ‘नवदांपत्याचं बिऱ्हाड सुरुवातीपासून स्वतंत्र असावं, कोलकात्यातच, ही आमच्या बाजूची मूलभूत अपेक्षा आहे.’

नवऱ्याने वडा तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला. मुलाने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. तिचे भाऊ काही बोलणार होते, तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. मग ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मी उदास चेहरा तयार ठेवला होता.

‘ठीक आछे,’ ती म्हणाली.

मला वाटलं, पुढे ‘पण’ येईल. ‘पण’ आलाच नाही. ती पुढे बोलली ते भलतंच. ‘आणि लग्न आधी तुमच्या पद्धतीचं करू या, दिवसा. संध्याकाळी आमचं. आमच्याकडे मुलगी विड्याच्या पानांनी डोळे झाकून येते, तुमच्याकडे मध्ये कापड धरतात ना? मला ते कापड बघायचंय. मुलगा सांगत होता, मला तेव्हापासून उत्सुकता आहे.’

म्हणजे मी न मागताच मला अंतरपाट मिळाला होता. आणि बकरा? तो तिने गळ्यात दोरी बांधून घरी न्यायला घेतला होता.

त्याच क्षणी मी हसून म्हणायला हवं होतं, ‘बेयान, मी आपलं उगीच म्हटलं.’ इतकं सोपं होतं. मी म्हटलं, ‘धन्यवाद. मग यावर एकमत झालं असं समजते.’

ते गेल्यावर मुलगी हात पुसत बाहेर आली. ‘आई, वेगळं घर कोणी मागितलं?’

‘दोन्ही बाजूंनी तसं ठरलं,’ मी म्हटलं.

हे वाक्य मी आयुष्यभर पत्रकारांना दिलं होतं. पोटच्या मुलीला पहिल्यांदाच दिलं.  ‘अच्छा,’ ती म्हणाली, आणि वड्याची ताटली आत नेली. तिला वाटलं, सासूला सून घरात नकोय. मुलाला वाटलं, हिला माझ्या आईजवळ राहायचं नाही. सासूला वाटलं, मुलीच्या आईने मागितलं म्हणजे मुलीचीच इच्छा असणार. तिघंही सभ्य. एकमेकांना दुखवायला नको म्हणून कोणीच कोणाला काही विचारलं नाही. खरं काय ते एकट्या मला माहीत होतं.

म्हणजे, नवऱ्यालाही. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझा कोणता चेहरा खोटा ते त्यांना समजायचं.

‘फोन उचल आणि सांग,’ ते म्हणाले.

‘अहो, ठेवलेली मागणी मागे घेतली की समोरच्याला कळतं, ती खोटी होती.’

‘खोटीच होती ना?’

‘म्हणूनच.’

त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. लग्नाआधी त्यांनी मला दोनदा पुन्हा विचारलं, नंतर विचारलं नाही. ‘तू सांगायला हवंस, मी सांगितलं तर ती चुगली होईल,’ एवढं एकदा म्हणाले.

लग्न झालं. अंतरपाट धरला. भाऊबंद खूश झाले. विहीणबाई अक्षता मुठीत धरून लहान मुलीसारखी टाचा उंचावून बघत होती. मी माझ्या देशी, म्हणजे माझ्या नेमणुकीच्या देशी, परत गेले. मुलीने कोलकात्यातच, न्यू टाऊनला, नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. मी लिफ्टचं कौतुक केलं.

निवृत्त होऊन कोलकात्याला आले तेव्हा नात चालायला लागली होती. मी रोज मुलीकडे जायचे, त्यामुळे आता सगळं डोळ्यांसमोर होतं. विहीणबाई आठवड्यातून दोनदा बराकपूरहून लोकलने सियालदह स्टेशनला यायची, तिथून बसने मुलीकडे. हातात डबे. माशाचा एक, आणि दुसरा माझ्या नवऱ्यासाठी, बिनमाशाचा, कारण त्यांना घशात काट्याची भीती. नातीला खेळवायची, भरवायची. दुपार कलली की घड्याळाकडे बघायची. ‘गर्दी व्हायच्या आत निघते.’ नात पायाला मिठी मारायची. ती हळूहळू एकेक बोट सोडवायची. हे सोडवणं मी बघायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीच नळ सोडायचे.

भरपाई मी माझ्या पद्धतीने करत होते. शाल दिली. परदेशातलं घड्याळ दिलं. पावसाळ्यात गाडी पाठवू का म्हणून विचारलं. ती म्हणाली, ‘लोकलमध्ये मैत्रिणी आहेत माझ्या, गाडीत कोण बोलणार?’ भेटवस्तूंवर मी किती पैसे आणि किती डोकं खर्च केलं! बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

बराकपूरला मी जातच नव्हते. गुडघे, ऊन, पाहुणे, काहीतरी असायचंच. मग परवाच्या हिवाळ्यात एक दिवस विहीणबाई म्हणाली, घर प्रमोटरला द्यायचं ठरवलंय. जुनं घर पाडून तो इमारत बांधणार, तिला त्यात एक फ्लॅट देणार. ‘एवढ्या खोल्या झाडायच्या कशाला, एकटीने?’ ती हसत म्हणाली आणि गर्दी व्हायच्या आत निघाली.

ती गेल्यावर मुलगी चहाचे कप गोळा करत होती. माझ्याकडे पाठ होती. ‘मला तिथे राहायचं होतं, आई,’ ती म्हणाली. ‘लग्नाच्या आधी आम्ही रविवारी गच्चीवर बसायचो. नदी दिसते. मी मनातल्या मनात खोली पण लावली होती. पण त्यांना नको होतं तर काय करणार.’

‘त्यांना नको होतं असं कोण म्हणालं?’

‘तूच नाही का? दोन्ही बाजूंनी ठरलं म्हणालीस.’

मी तिला सांगितलं. तिथेच, ओट्याला टेकून. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि म्हणाली, ‘इतकी वर्षं मी त्यांच्यावर मनातून रागावले होते, आई. त्या डबे आणायच्या आणि मी रागावलेली असायचे.’ मग काही वेळाने, ‘हे तू त्यांना सांग. मी नाही सांगणार.’ अगदी बापासारखं.

दुसऱ्या दिवशी मी सियालदहला जाऊन लोकलमध्ये बसले. दुपारची गाडी, जागा मिळाली. समोरची बाई पेरू चिरून शेजारणींना वाटत होती, मलाही तिखटमीठ लावून एक फोड दिली. मी मनात वाक्यं जुळवत होते. ‘त्या वेळच्या परिस्थितीत.’ ‘गैरसमज झाला असावा.’ सगळी बराकपूर यायच्या आत एकेक करून टाकून दिली. जन्मभर ज्या वाक्यांवर पोट भरलं, त्यांतलं एकही कामाचं नव्हतं.

ती मला बघून इतकी आनंदली की मला वाटलं, परतीची गाडी पकडावी. ‘बेयान! इतक्या वर्षांनी! या, आधी घर बघा. पाडणार आहेत, बघून घ्या.’ आणि माझा हात धरून वर घेऊन गेली.

वरची खोली पूर्वेची. मोठी खिडकी, पलीकडे झाडांमधून नदी. पलंगावर चादर होती, पण घडीच्या खुणा तशाच. खोलीला लागून एक न्हाणीघर, निळ्या फरशीचं. जुन्या घरात ते नवं म्हणून लगेच कळत होतं. भिंतीवर गीझर, त्यावर कंपनीचा कागद अजून चिकटलेला, कडा पिवळ्या पडून सुटलेल्या.

‘हे कधी केलंत?’ मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

‘लग्नाच्या आधी. मुलगा म्हणाला, मराठी लोक सकाळी उठल्या उठल्या आंघोळ करतात, चहाच्या आधी. म्हटलं, मुलगी हिवाळ्यात खाली अंगणातून गरम पाणी कुठे नेणार? तुमच्याकडे आलो त्याच्या आदल्या दिवशी बसवून गेले होते.’ ती गीझरचा कागद अंगठ्याने दाबून चिकटवू लागली. ‘प्रमोटर म्हणतो, हा काढून नव्या फ्लॅटमध्ये लावू.’

मी पलंगावर बसले. मग सांगितलं. बकऱ्याचं सांगितलं, लोणच्याचं सांगितलं, अंतरपाटाचं, पुण्याच्या भाऊबंदांचं. माझं बंगाली मुळात बाजारहाटापुरतं. मध्येच हिंदी, मध्येच मराठी. राजदूत म्हणून मी भाषणं केली, पण इतकं वाईट कधी बोलले नाही. शेवटी म्हटलं, ‘मला ते नको होतं. तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं होतं. तुम्ही नाही म्हणावं म्हणूनच मागितलं होतं.’

ती उभीच होती. हात अजून गीझरवर. रागाची खूण मी शोधत होते, कारण राग मला सोसला असता. ती नुसती विचार करत होती, एखाद्या मुलाने उत्तर का चुकवलं ते शोधणाऱ्या बाईंसारखी. मग येऊन माझ्याशेजारी पलंगावर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. ती बंगालीत बोलली. मी तिचे शब्द, एकही इकडचा तिकडे न करता, मराठीत लिहिते आहे.

‘मी “नाही” म्हणायला हवं होतं, तर तसं मला आधी सांगायचं ना, बेयान. माझ्या तोंडात तेच होतं.’